पहिली गाडी शेताला, दुसरी रस्त्याला



इथं मी बहुतेक हळद, सोयाबीन आणि पाण्याच्या पाळ्यांचंच लिहितो. आजची नोंद मोटारसायकलची आहे. पण आपल्याकडं मोटारसायकल म्हणजे हौस थोडी आणि औजार जास्त. वखर घेताना जसा आपण दहा जणांना विचारतो, तसं गाडी घेताना विचारत नाही. तिथं पोरं म्हणतील ती गाडी घरी येते. म्हणून दिवाळीत मी दुसरी, मोठी गाडी घेतली तो सगळा हिशेब इथं मांडतो. कुणाच्या कामी आला तर येऊ द्या.

पहिली गाडी २००६ ची स्प्लेंडर. वसमतच्या मोंढ्यात हळद घातली आणि तिथूनच पुढं जाऊन गाडी बुक केली. ९७.२ सीसीचं इंजिन, चार गिअर, वजन एकशे दहा किलोच्या आसपास. या गाडीनं काय वाहिलं नाही ते विचारा. दुधाचे कॅन, युरियाचं पोतं, फवारणीचा पंप, जळालेली मोटर भरून आणायची तर ती, आणि हळद शिजवायच्या दिवसांत आखाड्यावर वीस माणसांची भाकर. किलोमीटरचा काटा कधीच बंद पडला, त्यामुळं किती चालली ते सांगता येत नाही. पंधरा वर्षं झाली तेव्हा २०२१ मध्ये पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली. ती मुदत यंदा संपते. वीस वर्षांच्या वरच्या दुचाकीचं नूतनीकरण शुल्क केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये २००० रुपये केलं आहे. ज्यांची गाडी तेवढी जुनी आहे त्यांनी हा खर्च धरून चालावं.

मग दुसरी गाडी कशाला? कारण घरचं साडेतीन एकर गावाला लागून आहे, आणि बटईनं केलेलं चार एकर अकरा किलोमीटरवर. त्यातला सात किलोमीटर रस्ता डांबरी म्हणायचा, पण खड्डे मोजायला बसलं तर दिवस जाईल. बटईचं शेत खरं म्हणजे आमच्या घरच्यांचं. म्हणजे करतो दोघं, पण कळतं तिला. हळदीचं बेणं निवडायला ती बसली की गड्डा हातात घेऊन नुसता अंगठ्यानं दाबून सांगते, हा ठेवा, हा शिजवायला टाका. बायांची टोळी पण तिच्याच शब्दावर येते.

२०२४ च्या पावसाळ्यात तिची कंबर धरली. डावा पाय मुंग्या येऊन जड पडायला लागला. नांदेडला दाखवलं, एमआरआय काढला. मणक्यातली गादी सरकली म्हणाले. ऑपरेशनची घाई नाही, पण वजन उचलायचं नाही आणि गाडीवरचे धक्के बंद. डॉक्टरांनी हे दोन मिनिटांत सांगितलं. घरी आल्यावर ती चुलीपुढं बसून म्हणाली, "अहो, मग पलीकडचं शेत सोडून द्यायचं का?"

त्या हंगामात ती पलीकडच्या शेतात एकदाही आली नाही. एसटी दिवसातून दोनदा, ती पण शाळेच्या वेळेला. बेणं टोळीनं निवडलं. पुढच्या पावसाळ्यात त्या रानात कंदकूज जास्त दिसली. बेण्यामुळंच झालं असं मी म्हणत नाही, पाणीही फार साचलं होतं. पण घरच्या रानात तिनं निवडलेलं बेणं होतं आणि तिथं कूज कमी होती, एवढं दोघांनी डोळ्यांनी बघितलं. ती काही बोलली नाही. न बोलणंच जास्त लागलं.

तेव्हा ठरलं की गाडी बदलायची. पण कुठली?

भाचा म्हणाला, "मामा, आता बुलेटच घ्या. वयाला शोभती." पाहुण्यांनी सांगितलं की जुनी चारचाकी बघा. चारचाकीचा विचार आठ दिवस केला. पण आमच्या पांदणीत बैलगाडी समोर आली तर मोटारसायकल धुऱ्यावर चढवावी लागते, तिथं चारचाकी कुठं घालणार? आणि दारात उभी राहिली तरी तिचा विमा आणि टायर खातच राहतात. ते सोडलं.

मग मी एक केलं. तीन गाड्या तीन दिवस मागून आणल्या. शेजाऱ्याची १२५ सीसी, भाच्याची ३५० ची बुलेट आणि मेव्हण्याची १६० च्या वर्गातली युनिकॉर्न. तिन्हींच्या टायरात हवा बरोबर आहे का ते आधी तपासलं, कारण हवा जास्त असली की चांगली गाडी पण आदळते. तोच सात किलोमीटरचा रस्ता, तीच सकाळची वेळ, वेग तीसच्या आसपास. मागं ती बसली. निकाल तिनं द्यायचा असं ठरलं होतं, कारण मणका तिचा होता.

१२५ वरून उतरून म्हणाली, "आपल्या गाडीची थोरली बहीण आहे. जरा कमी आदळते, एवढंच."

बुलेटवरून उतरून म्हणाली, "बसायला खुर्ची आहे. पण तुम्ही चिखलात पाय टेकवता तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो."

खरंच होतं ते. बुलेटचं वजन १९५ किलोच्या आसपास. स्प्लेंडरपेक्षा दीड पोत्याहून जास्त. चालू गाडीवर ते वजन कळत नाही, उलट गाडी रस्त्याला धरून चालते. कळतं ते गाडी थांबताना, वळवताना आणि स्टँडवर घेताना. माझं वय चोपन्न, उजवा गुडघा बोलतो. मागं बसलेल्या माणसाला पडायचं भ्याव असेल तर ते अंग आवळून बसतं, आणि आवळलेल्या अंगाला प्रत्येक धक्का दुप्पट लागतो. बुलेट वाईट नाही. ज्याचं येणंजाणं चांगल्या रस्त्यानं लांबचं आहे आणि पायात जोर आहे त्यानं जरूर घ्यावी. आमच्या रस्त्याला आणि आमच्या दोघांना ती जड होती.

युनिकॉर्नवर सात किलोमीटर झाल्यावर ती उतरली, कंबरेवर हात ठेवून थोडी उभी राहिली आणि म्हणाली, "ही चालंल." झालं.

आता ही गाडी वेगळी काय करते ते माझ्या भाषेत सांगतो. इंजिन १६२.७ सीसी, पाच गिअर, वजन १४० किलोच्या आसपास. मागं दोन बाजूंना दोन शॉकअप नाहीत, मधोमध एकच मोठा आहे. ताकदीचं म्हणाल तर स्प्लेंडरची ओढ आठ न्यूटन मीटरच्या आसपास आणि हिची साडेचौदाच्या. आपल्या हिशेबात सांगायचं तर गोऱ्ह्यांच्या जोडीनं पण वखर ओढला जातो, पण तासाच्या शेवटाला ती धापा टाकतात. मोठी जोडी त्याच चालीनं तास संपवते. जुन्या गाडीवर दोघं बसून चढ आला की दुसरा गिअर टाकून रेस करावी लागायची, आणि त्या हिसक्याचा धक्का मागच्या माणसाच्या कंबरेत जायचा. मोठ्या इंजिनला चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात आणलं की भागतं. हिसका नाही. मोठी गाडी वेगात पळवायला नसते, सावकाश चालवताना दम लागू नये म्हणून असते, हे मला तिच्यामुळं कळलं.

दुसरी गोष्ट ब्रेकची. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस बंधनकारक आहे. म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. पण आमच्या गाडीला ते फक्त पुढच्या चाकाला आहे, मागचं चाक मागच्यासारखंच घसरू शकतं. आणि एबीएस असलं म्हणून गाडी जागेवर थांबत नाही. ४० च्या वेगाला जेवढ्या अंतरात ब्रेक लागतो, त्याच्या सव्वादोनपट अंतर ६० च्या वेगाला लागतं. मोठ्या गाडीवर ६० हा वेग ४० सारखाच वाटतो, धोका तिथंच आहे. कृषी सहायक मंडळी रोज पाच-सहा गावं फिरतात, त्यांनी तरी हे डोक्यात ठेवावं.

तिसरी गोष्ट गिअरची. जुन्या गाडीचे चारही गिअर पायाच्या पुढच्या दाबानं पडतात. नव्या गाडीचा पहिला खाली आणि बाकीचे वर. एकोणीस वर्षांची सवय पायाला असते, डोक्याला नसते. म्हणून मी पहिले चार दिवस पहाटे मोकळ्या रस्त्यावर एकटाच फिरलो, मागं कुणाला घेतलं नाही. जे जुन्या गाडीवरून नव्यावर जाणार आहेत त्यांनी एवढं जरूर करा. दोन्ही गाड्या घरात ठेवणार असाल तर गाडीवर बसल्या बसल्या, चालू करायच्या आधी, एकदा मनात म्हणायचं की ही कुठली.

आता पैशाचं. ऑगस्टात शोरूमला विचारलं तेव्हा जीएसटी २८ टक्के होता. दर उतरणार अशी चर्चा चालू होती म्हणून थांबलो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर तो १८ टक्के झाला. त्याच सप्टेंबरात आमचं सोयाबीन पाण्यात उभं होतं. गाडी घ्यायची की नाही यावर घरात पुन्हा एकदा गप्प बसून जेवण झालं. शेवटी घरात ठेवलेली मागच्या सालची हळद होती, त्यातली दहा क्विंटल गाडीला गेली. हप्ता केला नाही. पिकाचा भरवसा नसताना दर महिन्याला ठरलेली तारीख डोक्यावर नको वाटली.

चालवायचा खर्च असा. आमचं महिन्याचं नऊशे किलोमीटर होतं. त्यातलं चारशे शेताच्या वाटेचं, ते जुन्या गाडीवरच. उरलेलं पाचशे नव्या गाडीवर. जुनी साठ देते, नवी पन्नास धरा. पाचशे किलोमीटरला सव्वाआठ-साडेआठ लिटरच्या जागी दहा लिटर. पेट्रोल १०५ धरलं तर महिन्याला पावणेदोनशे रुपये जास्त. थर्ड पार्टी विम्याचा २०२२ मध्ये ठरलेला वर्षाचा दर १५० सीसीपर्यंत ७१४ रुपये आणि त्यावर ३५० पर्यंत १३६६ रुपये. नव्या दुचाकीला हा विमा एकदम पाच वर्षांचा काढावा लागतो, म्हणून शोरूमचा आकडा मोठा दिसतो. १५० आणि १६० यांत दहाच सीसीचा फरक, पण विम्याचा टप्पा बदलतो, हे घेताना विचारून घ्या.

जुनी गाडी विकली नाही. एक्स्चेंजला जो आकडा सांगितला त्यात फवारणीचा चांगला पंप पण आला नसता. आणि काळ्या रानात पाऊस पडल्यावर तीच कामाची. चिखल मडगार्डात गच्च बसला की चाक फिरत नाही, मग काठीनं उकरायचं, दोघांनी उचलून धुऱ्यावर ठेवायचं. एकशे दहा किलो उचललं जातं. नवी गाडी मी पांदणीच्या तोंडाशी लिंबाखाली लावतो. शेवटचा अर्धा किलोमीटर आम्ही दोघं पायी जातो. चालणं तिला डॉक्टरांनी सांगितलेलंच आहे.

आणखी दोन गोष्टी, खास बायामाणसांना मागं बसवणाऱ्यांसाठी. साडीगार्ड, पायाचा दांडा आणि धरायचा कठडा हे नियमानं गाडीला असायलाच हवं. पोरं गाडी घरी आली की पहिलं साडीगार्ड काढून टाकतात. पदर चाकात गेला की गळ्याला फास बसतो. काढू नका. दुसरं, हेल्मेट मागच्या माणसालाही कायद्यानं लागतं. आम्ही दोन आणले. पहिल्या दिवशी पारावरची मंडळी हसली. ती म्हणाली, "हसू द्या, त्यांचा मणका नाही दुखत."

गाडी म्हणजे औषध नव्हे, हेही लिहून ठेवतो. दुखणं गेलेलं नाही. फुटक्या पुलाजवळ ती अजून खाली उतरते आणि मी गाडी पुढं काढून उभा राहतो. नांदेडला तपासायला जाणं चालूच आहे. पण मागच्या आठवड्यात पलीकडच्या रानात काढणी लागली आणि तीन दिवस ती गोणपाट टाकून बेण्याच्या ढिगापुढं बसली. टोळीनं चांगले म्हणून बाजूला काढलेले बरेच गड्डे तिनं परत शिजवायच्या ढिगात टाकले. बेणं आता सावलीत, हळदीच्याच पाल्याखाली झाकून ठेवलं आहे. मे अखेरीला उघडून बघू, लागवडीआधी उगवण कशी आहे ते इथं कळवतो.