आलेल्या कळा, आणलेल्या कळा

मराठीत बाळंतपणाच्या कळा ‘येतात’. पाऊस यावा, झोप यावी, तशा. बाईने वाट पाहावयाची. दिवस उलटले की क्रियापद बदलते. मग कळा ‘आणाव्या’ लागतात.

पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांना १९०६ मध्ये आढळले. त्यातील ऑक्सिटोसिन विन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत घडविले. या ग्रीक नावाचा अर्थच ‘शीघ्र प्रसव’.

आपसूक आलेल्या कळा बहुधा हळूहळू चढतात. सलाईनमधून आणलेल्या कळांचा वेग मात्र नळीवरच्या चाकाने वाढविला जातो. कित्येक बाळंतिणींना आठवते ते हेच : पडणारे थेंब, आणि दोन कळांमध्ये न मिळालेला विसावा. तरीही रक्तदाब चढलेल्या गर्भवतीला हाच उपाय जीवदान ठरू शकतो. ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झाल्यावर कळा आणाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेचीही २०१८ ची शिफारस आहे.

म्हणून बाईचा सल पुष्कळदा औषधाविषयी नसतो. ‘सलाईन लावू या’ एवढ्यावर तिने मान हलविलेली असते. ती संमती होती की शरणागती, हे तिला कोणी विचारलेले नसते. जिला कारण सांगितले गेले, ती म्हणते, ‘कळा आणायचे ठरले’. जिला सांगितले नाही, ती म्हणते, ‘त्यांनी आणल्या’.

जुन्या मराठीत बाळंतीण ‘वेणा देते’. तेथे कर्ता तीच आहे. कळा कशाही सुरू होवोत, ते कर्तेपण तिच्याकडून काढून घेण्याचे कारण नाही.