पिंपळ, बकुळ आणि आमचा वंशवृक्ष

आमच्या घराण्यात राजा झाला नाही, सरदार झाला नाही; फार काय, मामलेदारसुद्धा एकच झाला आणि तोही पेन्शनीत निघायच्या आधी दोन वर्षे. पण वंशावळ मात्र अस्सल! जाड पिवळ्या कागदावर आजोबांनी जुन्या मोडी कागदावरून स्वच्छ बाळबोधीत उतरवलेली, नऊ पिढ्यांची, लाल फडक्यात बांधून देवघराच्या फळीवर ठेवलेली. गणपतीत पाहुणा आला आणि बोलण्याचे सगळे विषय संपले, की आमचे थोरले काका ते फडके खाली काढतात. पाहुण्याने "वा वा!" म्हटल्याशिवाय ते पुन्हा वर जात नाही.

गेल्या मे महिन्यात माझ्या मुलीने ही वंशावळ संगणकावर चढवायचे ठरवले. ती अकरावीत गेलेली, त्यामुळे सुट्टी मोठी आणि उत्साह त्याहून मोठा. इंटरनेटवर यासाठी फुकट सोय असते. एक नाव भरले की त्याची चौकट तयार होते. तिच्यावर आईबापांच्या दोन रिकाम्या चौकटी उगवतात आणि खाली मुलाबाळांच्या. हयात माणसांची माहिती बाहेरच्यांना दिसणार नाही अशी व्यवस्था करता येते, ती तेवढी मी आधी करून घेतली. बाकी काम दुपारभराचे, असा माझा समज होता.

पुरुषांची नऊ नावे खरोखरच दुपारी चारच्या चहापर्यंत चढली. मग ते यंत्र प्रश्न विचारू लागले. आजोबांनी मृत्यूच्या तिथी शकात दिल्या होत्या. त्याला इसवी सन हवे होते. चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत शकात ७८ मिळवायचे, पौषापासून फाल्गुनापर्यंत बहुधा ७९, हे गणित मी तिला शिकवले. "प्लेगच्या साली वारले" असा एक शेरा होता, त्याचेही कसेबसे निभावले. पण प्रत्येक पुरुषाशेजारी पत्नीची एक चौकट उघडत होती आणि तिथे स्पष्ट सूचना होती की, स्त्रीचे नाव तिच्या जन्माच्या आडनावासह लिहावे.

"बाबा, तुमच्या आजीचं माहेरचं आडनाव काय?"

मला ठाऊक नव्हते. ज्या बाईने मला चार वर्षे मांडीवर घेऊन वरणभात भरवला, तिचे जन्मनाव मला ठाऊक नव्हते! पणजीचे तर सासरचे नावही आठवेना. आजोबांच्या त्या सुरेख कागदावर बायका जवळजवळ नव्हत्याच. दोन ठिकाणी "प्रथम संबंध", "द्वितीय संबंध" एवढे होते, नाव नाही. नऊ पिढ्या बापांकडून मुलांकडे अशा उतरत आल्या होत्या, की जणू मधे कोणी नव्हतेच.

मुलगी म्हणाली, "हा वृक्ष कसला? हा तर खांब आहे."

जुन्या माणसांनी अशी माहिती अगदीच टाकून दिली होती असे मात्र नाही. कोल्हापूर-सोलापूरकडचे हेळवी गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या सांगत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्याच्या घरची नावे लिहून घेतलेली असतात. हरिद्वारच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ-मंडळाने छायाचित्रे काढून ठेवली आहेत. आपल्या आजीचे नाव आपण विसरावे आणि परक्याने सातासमुद्रापलीकडे ते जपावे, यात शिकण्यासारखे बरेच आहे.

तेव्हा आम्ही बापलेक एका रविवारी ठाण्याहून नाशिकला गेलो. आमच्या उपाध्यायांनी अर्ध्या तासात वही काढली. त्यात माझ्या पणजोबांची नोंद होती: राहणार वाई, आईवडिलांची नावे, आणि पुढे "पुत्र २, कन्या १".

पुत्र दोन बरोबर होते. आजोबा आणि त्यांचे भाऊ. पण ही कन्या कोण? आमच्या घरात आजोबांच्या बहिणीचा कधी कोणी उच्चारही केलेला मला आठवत नव्हता.

घरी येऊन काकांना विचारले. काका आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "लहानपणीच गेली असेल," म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडले. ते वर्तमानपत्र कालचे होते.

चार दिवसांनी मुलीला लाल फडक्याच्या आतल्या अस्तरात एक पोस्टकार्ड सापडले. शाई उडालेली; पण शिक्क्यावर सेवाग्राम हे नाव आणि १९४६ हे साल वाचता येत होते. मजकूर दहा ओळींचा. मुले आता पेळू नीट करू लागली आहेत, वांगी यंदा बरी आली, आईचा दमा कसा आहे ते कळवावे. खाली सही म्हणून फक्त "तुमची धाकटी".

त्या कार्डामुळे आम्ही सेवाग्रामला गेलो.

गाडीचे नावही सेवाग्राम एक्सप्रेसच. रात्री केव्हातरी जाग आली तेव्हा गाडी शेगावला उभी होती आणि गजानन महाराजांची भक्तमंडळी उतरत होती. सेवाग्रामच्या नावाची कथा याच स्टेशनाशी गुंतलेली आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी राहायला आले, तेव्हा वर्ध्याजवळच्या त्या खेड्याचे नाव सेगाव होते. त्यांची टपाले सेगावऐवजी बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली. अखेर १९४० मध्ये गावाचे नाव बदलून सेवाग्राम केले. लग्नात मुलीचे नाव बदलावे तसे गावाचे बदलले. फरक एवढाच, की गावाचे माहेरचे नाव लोकांनी लक्षात ठेवले.

पहाटे वर्ध्याला उतरलो. तिथून आश्रम आठेक किलोमीटर. जूनचा पहिला पाऊस अजून यायचा होता. सकाळी सातलाच ऊन पाठीवर हात ठेवीत होते. आश्रमाच्या फाटकातून आत शिरलो आणि एकदम सावली लागली. इथे गांधीजींनी लावलेला पिंपळ आहे, कस्तुरबांनी लावलेला बकुळ आहे, आणि त्यांच्याभोवती मातीच्या भिंतींची, कौलांची बसकी घरे. पहिले घर आदिनिवास. ते बांधताना शंभर रुपयांहून अधिक खर्च करू नये, आणि सामान व माणसे गावातलीच घ्यावीत, अशी गांधीजींची अट होती. त्या एका घरात कस्तुरबा, इतर आश्रमवासी आणि येणारेजाणारे असे सगळे राहत. आज बापूकुटी म्हणून आपण जिथे जोडे काढतो, ती आधी मीराबेनची झोपडी. इंग्लंडच्या एका आरमारी अधिकाऱ्याची ही मुलगी. तिने मातीच्या भिंतीवर उठवलेले ताडाचे झाड आणि चरखा अजून तसेच आहेत. मुलीने बापूकुटीत साप पकडण्याचा चिमटा पाहिला आणि साप मारायचा नाही, दूर सोडून यायचा, हे ऐकून ती बराच वेळ त्या चिमट्यापाशी उभी राहिली.

पुढे परचुरे कुटी. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती. त्यांना महारोग झाला आणि ते आश्रमात आले. महारोग्याच्या सावलीला लोक भीत असत असा तो काळ. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले आणि त्यांच्या अंगाला आपल्या हाताने मालीश केले. त्या चिमुकल्या झोपडीपुढे उभा असताना मला आमच्या वाईच्या वाड्याचा रुंद सोपा का आठवला, ते मला तेव्हा कळले नाही.

दुपारी पिंपळाच्या सावलीत बसलो असताना मुलीने मोबाइलवर नवीनच उद्योग आरंभला: जमनालाल बजाजांचा वंशवृक्ष. गांधीजींना वर्ध्याला आणण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते हे जमनालालजी १८८९ साली राजस्थानात सीकरजवळच्या एका खेड्यात जन्मले. वर्ध्याच्या बच्छराज शेठजींनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले. आणि १९२० साली या गृहस्थांनी स्वतः गांधीजींना विनंती केली की, मला आपला पाचवा मुलगा माना. चार मुलगे असलेल्या गांधीजींनी ते मान्य केले. मुलीपुढे पेच पडला. जन्मदाते एक, दत्तक घेणारे दुसरे, आणि आपण होऊन मागून घेतलेले तिसरे; यंत्राने हे मानावे कसे? पण यंत्र आमच्या आजोबांहून उदार निघाले. नाते लिहिण्याच्या जागी त्याने विचारले: जन्माचे, दत्तक, सावत्र, की पालक म्हणून?

"बाबा, इथे तर माणसं वाटेल तशी जोडता येतात," ती म्हणाली. "मग आपल्याला एक सख्खी बहीण का जोडता आली नाही?"

आश्रमात खादीचा सदरा घातलेले एक वृद्ध गृहस्थ आम्हांला सकाळपासून पाहत होते. ते जवळ आले. "कुठून आले जी तुम्ही?" मी सारी हकीकत सांगितली, कार्ड दाखवले. त्यांनी ते दोन्ही हातांत धरून वाचले.

"पेळू, वांगी... शाळेतल्या बाई असतील मग," ते म्हणाले. "तालिमी संघाची शाळा होती ना इथं. पोरं कापूस पिंजत, सूत काढत, बागेत राबत. अन् त्यातूनच हिशोब अन् भूगोल शिकत. पण नाव काय बाईंचं?"

नाव आम्हांला ठाऊक नव्हते.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "नावाशिवाय कसं शोधाव जी?" एवढेच म्हणाले. "इथं तर देशभरातून माणसं आली. नाव लागते."

१९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम निघाली, आर्यनायकम् पतिपत्नींनी ती इथे वाढवली, हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. त्या कामात माझ्या आजोबांची बहीण होती हे मला ठाऊक नव्हते. आणि गावोगावची वेगवेगळ्या जातींची माणसे इथे एका पंक्तीला जेवत, अस्पृश्य मानलेल्यांच्या हातचे अन्न सगळे खात, हेही मी शिकवले आहे. त्या पंक्तीत बसणारे कोणी आपल्या घरी परत गेले तेव्हा काय झाले, हे मात्र मी कधी मनात आणले नव्हते.

मुलीने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि काकांना लावला. "आजोबा, आम्ही सेवाग्रामला आहोत. तिचं नाव सांगा."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग काका बोलू लागले. मुलीने मोबाइल आमच्या दोघांच्या मधे धरला.

"मी सात वर्षांचा होतो. वाईच्या घरी ती एकदाच आली. पांढरं खादीचं लुगडं, काखेत पिशवी. सतराव्या वर्षी विधवा झाली होती, अठराव्या वर्षी न सांगता वर्ध्याला गेली होती. अण्णांनी दारात हात आडवा धरला. म्हणाले, आधी प्रायश्चित्त घे, मग आत ये. ती म्हणाली, कशाचं? आजी आत रडत होती. ती पायरीवरच थोडा वेळ बसली. मला जवळ बोलावलं, स्वतः कातलेल्या सुताची एक लडी दिली आणि गेली. अण्णांनी ती लडी माझ्या हातातून घेतली. मला वाटलं, टाकून दिली."

"आणि तिचं कार्ड मात्र त्यांनी वंशावळीत जपून ठेवलं," मी म्हणालो.

"हो का?" काका म्हणाले. त्यांना ते खरोखरच ठाऊक नव्हते. "मला वाटलं होतं, वंशावळीत मुली लिहीत नाहीत म्हणून तिचं नाव नाही."

मग त्यांनी नाव सांगितले. दोन्ही नावे सांगितली, माहेरचे आणि सासरचे. ती मी येथे छापीत नाही. ती आधी आमच्या घरच्या कागदावर लिहिली जाऊ देत. मुलीने तिथेच चौकट उघडली, नाव लिहिले, आणि ती चौकट माझ्या पणजोबांना आणि पणजीला जोडली. पणजीच्या चौकटीत अजून नावच नव्हते.

खादीवाल्या गृहस्थांनी ते नाव एका चिठ्ठीवर लिहून घेतले. विचारून पाहतो म्हणाले, वचन दिले नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही मैदानात बसलो. जमीन दिवसभराची तापलेली होती. ज्या जमिनीवर आम्ही बसलो होतो, तिथे ती कितीतरी संध्याकाळी बसली असेल. १९४६ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी इथून गेले ते परत आले नाहीत. त्या वर्षी तिने ते कार्ड लिहिले, आणि आईच्या दम्याचे उत्तर तिला कोणी पाठवले की नाही, ते कार्डावरून कळत नाही.

येताना वर्ध्याहून काकांसाठी गोरसपाकाचे दोन डबे घेतले. ठाण्याला पोचलो तेव्हा काका बाहेरच्या खोलीत बसले होते. समोर लाल फडके सोडलेले, वंशावळ उघडलेली. आजोबांच्या त्या सुरेख अक्षराशेजारी, आजोबा आणि त्यांचे भाऊ यांच्या ओळीत, निळ्या बॉलपेनाने एक तिसरे नाव घातलेले होते. काकांचा हात कापतो. अक्षर वेडेवाकडे आले होते.

त्यांनी गोरसपाकाचा डबा बाजूला ठेवला आणि मुलीला हाक मारली.

"ते यंत्र घेऊन इकडे बस," म्हणाले. "माझ्या आजीचं माहेर मेणवलीचं. आडनाव आठवतंय मला. लिही."