पाण्याकाठचा मुक्काम

दिवाळी सरून थंडीची चाहूल लागली, की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, आईला घेऊन दोन दिवस पाण्याकाठी राहून यावे म्हणतो, जमेल का?" विचारणारा मुलगा असतो, पण शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मातोश्रींचे डोळे उत्तराची वाट पाहत असतात. माझे उत्तर बहुधा एकच असते: जमेल, मात्र जागा निवडताना पाण्याकडे सर्वांत शेवटी पाहा.

हे शहाणपण मला पुस्तकातून मिळालेले नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा माझी आई लातुरातच राहत होती. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. टँकरच्या पाळीची वाट पाहत तिने कित्येक रात्री घागरींशेजारी जागून काढल्या. पुढे ती माझ्याकडे नांदेडला आली. एके दिवशी सहज म्हणाली, "एकदा काठोकाठ भरलेल्या पाण्याजवळ रात्रभर राहावंसं वाटतं." तेव्हा ती ७६ वर्षांची होती. मी उत्साहाने धरणकाठच्या तंबूंचा एक मुक्काम ठरवला. छायाचित्रात तंबूच्या दारापासून थेट पाणी दिसत होते. स्वच्छतागृह कोठे आहे, हे त्यात दिसत नव्हते आणि मीही विचारले नाही.

ते साठ पावलांवर होते. वाट उताराची, खडीची आणि अंधारी. रात्री उठावे लागू नये म्हणून आईने संध्याकाळपासून पाणीच घेतले नाही. तरी पहाटे तीनला उठावे लागले. कोणाची झोपमोड नको म्हणून ती एकटीच निघाली आणि पडली. मनगटाचे हाड मोडले. खुब्याचे मोडले असते तर काय झाले असते, हे मी तुम्हांला सांगायला नको. प्लास्टर घालून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "लेकरा, धरण दाखवलंस, पण मोरीची वाट दाखवली नाहीस."

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: अंथरुणापासून शौचालय किती पावलांवर आहे? ते खोलीला लागूनच असावे, उंबरा आणि पायऱ्या नसाव्यात, कमोड असावा आणि रात्रभर दिवा असावा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी कमोडची घडीची खुर्ची सोबत नेणे उत्तम. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. फिरत्या घरासारख्या या वाहनात शौचालय बिछान्याशेजारीच असते, ही मोठीच सोय. परंतु वाहनाची पायरी उंच असते. धरायला दांडी आणि पायाखाली ठेवायला भक्कम पाट आहे की नाही, हे तेथेही पाहावेच. आपल्याकडील बहुतेक कुटुंबे अजून जीपने किंवा टेम्पो ट्रॅव्हलरनेच जातात. त्यांनी दर दीड-दोन तासांनी थांबून ज्येष्ठांना चार पावले चालवावे.

प्रवासात लघवीचा त्रास नको म्हणून अनेक ज्येष्ठ पाणी कमी पितात आणि रक्तदाबाची वा सूज उतरवणारी गोळी परस्पर बंद करतात. ही काटकसर महागात पडते. पाणी कमी पडले, की भोवळ येते, लघवीला जळजळ होते, कधीकधी माणूस असंबद्ध बोलू लागतो. गोळीची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. गोळी मात्र सोडू नका. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांचे पाणी मोजून ठरवले आहे, त्यांनी तोच हिशेब प्रवासातही पाळावा.

दुसरा प्रश्न झोपण्याचा. जमिनीवरचे अंथरूण नको. खाट हवी आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचलेल्या हव्यात. डासांइतकेच यामागे मण्यारीचे कारण आहे. हा विषारी साप रात्री हिंडतो आणि अंथरुणात शिरू शकतो. त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात. अशी शंका आली, तर आवळपट्टी बांधण्यात किंवा मंत्रतंत्रात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

त्यासाठी तिसरा प्रश्न: प्रतिसर्पविष लस असणारे जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे? मुक्कामाच्या जागी मोबाइलला रेंज येते का? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य असते. पण तिला यायला रस्ता हवा आणि आपल्याला जागा नेमकी सांगता आली पाहिजे. या निकषावर नांदेडकरांना विष्णुपुरीचा शंकरसागर जलाशय फार सोयीचा आहे. शहर जवळ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय विष्णुपुरीतच. कंधारचा किल्ला आणि तेथील राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र हा तलाव अवश्य पाहावा. मात्र थकणाऱ्या माणसाने तो दिवसा पाहून रात्री घरी परतणे बरे.

चौथा प्रश्न ऋतूचा. मराठवाड्यातील जलाशय उन्हाळ्यात आटतात; काठ दूर सरतो आणि मध्ये उरतो तो चिखल. ऊन तर ज्येष्ठांना सोसवणारे नसतेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. परंतु पाण्याकाठची पहाट बोचरी असते. दम्याच्या व हृदयविकाराच्या रुग्णांनी कानटोपी घालून, ऊन वर आल्यावरच बाहेर पडावे. पावसाळ्यात धरणाच्या खालच्या अंगाला, नदीपात्रात मुक्काम कधीही करू नये. दरवाजे उघडले, की पाणी वाट पाहत नाही.

मधुमेहींनी काठावर अनवाणी फिरू नये. बधिर पायाला काटा समजत नाही. इन्सुलिन गाडीच्या डिकीत किंवा थेट बर्फावर ठेवू नये. थंड पेटी नसेल, तर वापरात असलेली बाटली कोरड्या डब्यात घालून, तो डबा ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावा. आणि घरातील ज्येष्ठांना विस्मरणाचा विकार असेल, तर काठावरची मोकळी जागा निवडूच नका. अनोळखी ठिकाणी ते रात्री उठून चालू लागतात, आणि समोर पाणी असते. दाराला कडी असलेली खोली घ्या आणि एकाने आळीपाळीने जागे राहा.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, यापेक्षा घरीच बसलेले बरे. आमच्या घरीही तसेच ठरले होते. आईचे मनगट सांधले. पण "आता कुठे जायचं नाही" हे आम्ही ज्या मायेने म्हणालो, त्या मायेने ती मिटत गेली. फिरणे थांबले, जेवण उतरले, बोलणे तुटक झाले. मनगटापेक्षा हे दुखणे मोठे होते आणि त्याचे कारण आम्हीच होतो.

गेल्या थंडीत आम्ही पुन्हा निघालो. या वेळी आधी तिला विचारून. काळेश्वराचे दर्शन घेतले, जलाशयाच्या काठी सावलीत खुर्ची मांडली. मुक्काम जवळच, लागून शौचालय असलेल्या खोलीत. रात्री तिने दोन पेले पाणी निर्धास्तपणे घेतले. पहाटे हाक मारून मला उठवले, हात धरून गेली, हात धरून आली आणि खिडकीशी बसून उजाडेपर्यंत पाण्याकडे पाहत राहिली.

तुम्हीही जा. फक्त निघण्याआधी आपल्या ज्येष्ठांशेजारी बसून विचारा, "रात्री किती वेळा उठावं लागतं?" मुक्कामाची निवड त्या उत्तरापासून सुरू होते.