पाच छोटे पेले

आमच्या भिलाईत ‘भट्टी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, पोलाद कारखान्याची झोतभट्टी; पहिल्या भट्टीचं उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केलं. दुसरा, दारूचं दुकान. २०१७ पासून छत्तीसगडात ही दुकानं सरकारी महामंडळ चालवतं, तरी लोकांच्या तोंडी नाव भट्टीच. लहानपणी ‘मामा भट्टीवर गेलाय’ असं कुणी म्हटलं की नेमक्या कोणत्या, ते आम्हाला आईच्या चेहऱ्यावरून कळायचं. मामा एक्केचाळिसाव्या वर्षी यकृताच्या आजारानं गेला. तेव्हापासून आमच्या घरी केकसुद्धा ‘यात रम नाही ना?’ असं विचारूनच येतो.

त्यामुळे पुण्याला दादाकडे गेलो असताना त्यानं ‘चला, आज बीअर चाखायला जाऊ’ म्हटलं, तेव्हा मी आधी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, “मी येते. पाहू तरी काय असतं ते.” वहिनीच्या हातातली किल्ली खाली पडली!

महाराष्ट्राला या प्रकाराची ओळख झाली ती २००९ मध्ये, पुण्यातच ‘डूलाली’ सुरू झाली तेव्हा. हे नाव आपल्या देवळालीवरून आलेलं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे? मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथल्या छावणीत दिवस काढणारे गोरे शिपाई भ्रमिष्ट होत, म्हणून इंग्रजीत वेड्याला ‘डूलाली’ म्हणू लागले. दारू विकणाऱ्यानं हे नाव घ्यावं, हा प्रामाणिकपणाच म्हणायचा.

आम्ही गेलो ती जागा वेगळी होती. काचेपलीकडे तांब्याच्या आणि पोलादाच्या टाक्या. आईला पोलाद ओळखीचं, तिथे ती जरा सैलावली. लाकडी पाटावर पाच छोटे पेले आले. वाढणाऱ्या मुलानं समजावून सांगितलं: मोड आणून भाजलेले जव, पाणी, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि यीस्ट, एवढाच मसाला. जव जास्त भाजले की बीअर काळी होते आणि कॉफी न घालता कॉफीचा स्वाद येतो. हॉप्स वाढवले की कडू. गव्हाच्या बीअरचा पेला आईनं नुसता नाकाजवळ नेला आणि म्हणाली, “केळं. आणि लवंग.” मुलगा खूश झाला. दोन्ही वास यीस्टचे, केळं घातलेलं नसतंच.

मला गव्हाची आवडली. कडू अजिबात नाही. कारल्याला निदान गूळ तरी घालता येतो. पण मनात आलं, बस्तरमध्ये तांदूळ आंबवून लांदा करतात, तीही बीअरचीच बहीण. तिला आपण गावठी म्हणतो आणि इथे पाटावर मांडली की पाचशेची नोट सुटते.

आणि ‘बीअर म्हणजे काय, सरबतच’ हेही खरं नाही. पाच टक्क्यांच्या ३३० मिलीलीटर बीअरमध्ये साधारण १३ ग्रॅम मद्यार्क असतो, ३० मिलीलीटर व्हिस्कीत १०. नव्वद मिलीलीटरचे पाच पेले एकट्यानं संपवले तर जवळजवळ दोन छोटे पेग झाले. दारूची कुठलीही मात्रा आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं आहे.

आईला आकडे लागत नाहीत. तिच्या कपाटात बालोद जिल्ह्यातल्या गुंडरदेहीच्या शमशाद बेगमचं कात्रण आहे. काठ्या-शिट्ट्या घेऊन दारूविरुद्ध रात्री गस्त घालणाऱ्या ‘महिला कमांडो’ त्यांनीच उभ्या केल्या. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मामाच्या वेळी आमच्या गल्लीत अशा बायका असत्या तर, असं आई पुष्कळदा म्हणते.

दादा एकेक घोट घेत वर्णन करत होता. आई ऐकत होती. मग म्हणाली, “तुझ्या मामानं असं चाखत प्यायली असती तर?”

“मामा चवीसाठी पीत नव्हता, आई.”

“आणि तू?”

दादानं पेला खाली ठेवला. वहिनी भज्यांच्या ताटलीकडे पाहत होती. एवढ्या गोंगाटात आमचंच टेबल गप्प.

“शनिवारी चवीसाठी,” तो म्हणाला. “पण मध्येच एखाद्या बुधवारी घरी एकटा बसतो, तेव्हा नाही.”

मला वाटलं, आता आई उठेल. ती उठली नाही. पर्समधून चष्मा काढून तिनं डोळ्यांवर लावला. “असे किती बुधवार झाले? मोजून सांग.”

दादानं मोबाइलवर कॅलेंडर उघडलं आणि दोघं डोकी जवळ आणून एकेक महिना मागे जात मोजू लागले. परतताना गाडी वहिनीनं चालवली.