उलट्या रेघेचा अपराध

हास्केल भाषेवरची आमची भक्ती डोळस आहे, असा आमचा समज होता. १९९० साली तिची पहिली व्याख्या प्रसिद्ध झाली. कोणती वस्तू कोणत्या प्रकारची, हे ठरल्यावाचून ती पाऊल पुढे टाकू देत नाही. म्हणून आमच्या एका विद्यार्थ्यास आम्ही सांगून ठेवले होते की, कंपायलरने होकार दिला की निश्चिंत असावे.

पुढे आमचा एक लहानसा प्रोग्रॅम आम्ही त्यास दिला. वेगाच्या कामापुरती त्यात सी भाषा बसविली होती. बांधणीच्या वेळी हास्केलनेच सीचा मजकूर लिहावा आणि कोष्टकाच्या फाइलीचा पूर्ण पत्ता त्यात अवतरणचिन्हांत घालावा, अशी योजना होती. आमच्या लिनक्सवर ती वर्षभर बिनतक्रार चालली. विद्यार्थ्याच्या विंडोजवर मात्र बांधणीच अडली. ‘तुझेच काही चुकले असेल,’ असे लिहून आम्ही मोकळे झालो, आणि त्या भल्या मुलाने दोन रात्री स्वतःची चूक शोधण्यात घालविल्या.

चूक त्याची नव्हती. युनिक्सच्या घराण्यात पत्त्याचे भाग तिरप्या रेघेने तोडतात. १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा ती रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच खर्ची पडली होती. म्हणून उलटी रेघ घेतली गेली, व विंडोजला ती वारशाने मिळाली. पण सीच्या अवतरणात उलटी रेघ म्हणजे पुढील अक्षराचा अर्थ पालटण्याची खूण! तिच्यापुढे धाकटा ‘एन’ आला तर नवी ओळ, धाकटा ‘टी’ आला तर टॅब. विंडोजवर माणसाचे बिऱ्हाड ‘यूझर्स’ या फोल्डरात असते. आणि उलट्या रेघेपुढे थोरला ‘यू’ दिसताच सी आठ षोडशमान अंकांची वाट पाहते, कारण जगातील हव्या त्या लिपीचे अक्षर लिहिण्याची ती रीत आहे. अंकाच्या जागी तिला ‘एस’ भेटला, आणि ती थांबली.

हास्केलने हे का पकडले नाही? तिच्या लेखी फाइलपाथ हे स्ट्रिंगचेच दुसरे नाव आहे. पत्ता ही अक्षरांची माळ, सीचा मजकूर हीही माळच. आम्ही एकीत दुसरी ओवली, तिने ओवू दिली. दोहोंचा भेद आम्ही तिला सांगितलाच नव्हता.

प्रत्येक उलटी रेघ दुहेरी करताच काम झाले; दुरुस्ती एका ओळीची. विद्यार्थ्यास लिहावयाचे क्षमापत्र मात्र तितके सोपे नव्हते. आपल्या यंत्रावर चालते, एवढ्याच पुराव्यावर आम्ही दुसऱ्यास दोषी ठरविले होते. आणि हा दोष कोणत्याही कंपायलरच्या नजरेस येत नाही.