जरा वाढवा!

आमच्या घराण्यात गाण्याचे वेड तीन पिढ्यांचे आहे. परंतु गाणे श्रोत्यांच्या कानापर्यंत पोहोचते कसे, ह्याचा विचार करण्याची तसदी त्या तिन्ही पिढ्यांत कोणी घेतल्याचे मला स्मरत नाही. गवई, साथीदार, तंबोरे, बिछायत, पानसुपारी ह्यांची यादी महिनाभर आधी तयार होई. यादीच्या अगदी तळाशी, खुर्च्या आणि सतरंज्यांच्याही खाली, 'माईकवाला' एवढा एकच शब्द असे. गाणे सुरू झाले की माझ्यासारखा कोणी कर्ता पुरुष मागच्या रांगेतून हात वर करून म्हणे, "जरा वाढवा!" ध्वनिक्षेपणासंबंधीचे आमचे सारे ज्ञान ह्या दोन शब्दांत सामावलेले होते.

ते ज्ञान किती अपुरे होते, हे मला २०२३ सालच्या मार्गशीर्षात कळले; आणि त्याची किंमत मला नव्हे, माझ्या आत्याबाईंना द्यावी लागली.

वडिलांच्या पुण्यतिथीस आमच्याकडे दरवर्षी गाणे असते, आणि त्याचा आरंभ आत्याबाईंच्या एका भजनाने होतो. त्या वेळी त्यांचे वय एकोणऐंशी होते. माहेरी त्यांनी रीतसर तालीम घेतली होती. सासरी ते गाणे देवघरापुरते उरले. आणि यजमान गेल्यावर त्या आमच्याकडे राहावयास आल्या तेव्हापासून वर्षाकाठी हे एक भजन एवढीच त्यांची मैफल. त्या एका भजनासाठी त्या दसऱ्यापासून रोज पहाटे तंबोरा घेऊन बसत. त्या वर्षी मंडळी अधिक जमणार म्हणून आम्ही घराऐवजी एका कार्यालयाचे मोठे दालन घेतले आणि माईक, स्पीकर वगैरे सामान भाड्याने आणविले.

आत्याबाईंनी षड्ज लावला. मागच्या रांगेला तो पोहोचेना. मी नेहमीप्रमाणे हात वर केला. लगेच स्पीकरमधून अशी काही कर्कश शिट्टी निघाली की, पुढे बसलेल्या मुलांनी कानांवर हात घेतले. मी व्यासपीठावर धावलो आणि तिला आवर घालण्याच्या सद्‌हेतूने माईकचे तोंड मुठीत गच्च धरले. तशी ती पहिल्यापेक्षाही मोठ्याने किंचाळली. हशा पिकला. आत्याबाईंनी पुन्हा सुरुवात केली. दोन ओळी कशाबशा म्हटल्या. मग तंबोरा हलकेच खाली ठेवला आणि "मला माझा सूरच ऐकू येईना" असे म्हणून त्या उठल्या.

घरात एकमताने निर्णय झाला, की वयोमानाने त्यांचे कान गेले. आत्याबाईंनाही तो पटला. तंबोरा गवसणीत जाऊन कपाटावर चढला आणि आमच्या घरातील पहाट मुकी झाली. ह्या प्रकरणात माझा काही दोष असेल, ही शंका मात्र कोणालाच आली नाही. मला तर नाहीच नाही.

माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा मुंबईस नाटकांचे व मैफलींचे ध्वनिसंयोजन करतो. अभियांत्रिकीचे शिक्षण अर्ध्यावर टाकून त्याने हा मार्ग धरला, तेव्हा घरात बोलाचाली झाली होती. त्याच्यासाठी स्थळे येत तेव्हा "तो इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे" असे मीच सांगत असे. कारण खरे ते सांगितल्यास, समोरच्याच्या मनात यादीच्या तळाचा तो शब्द येईल अशी भीती वाटे. घरच्या कार्यक्रमाचे काम त्याला सांगावे, हेही कधी मनात आले नव्हते.

२०२४ च्या गणपतीत तो घरी आला. पहाटे तंबोरा का वाजत नाही, असे त्याने विचारले, आणि सौभाग्यवतींनी सारी हकीकत सांगितली. त्याने मला तीनच प्रश्न केले. माईक आत्याआजींच्या तोंडापासून किती दूर होता? एकूण किती माईक चालू होते? आणि स्पीकर कोठे ठेवले होते? पहिल्याचे उत्तर मी 'हातभर' असे दिले, दुसऱ्याचे 'असतील पाचसहा', आणि तिसऱ्याचे 'त्यांच्या मागे, भिंतीशी. म्हणजे शोभेला आड येत नाहीत.' तो क्षणभर थांबून म्हणाला, "काका, मग आजींचे कान शाबूत आहेत."

त्या रात्री त्याने जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर मला धडा दिला. जन्मभर शाळेत गणित शिकवूनही, मी इतक्या निमूटपणे कोणाचे ऐकले नव्हते.

माईकमध्ये शिरलेला आवाज अतिशय क्षीण अशा विद्युत्प्रवाहाच्या रूपाने मिक्सरकडे जातो. तेथे त्याची गाठ प्रथम 'गेन' नावाच्या खटक्याशी पडते आणि शेवटी 'फेडर' नावाच्या सरकपट्टीशी. मी दोन्हींना आवाज वाढविण्याचीच साधने समजत होतो. पुतण्या म्हणाला, "आडातून पाणी किती शेंदून घ्यायचे ते गेनने ठरते, आणि घागरीतून किती ओतायचे ते फेडरने." गायक ज्या ठिकाणी सर्वांत मोठा आवाज लावणार, त्याचा अंदाज घेऊन गेन बेताने ठेवायचा, घागर काठोकाठ भरली तर वाटेत हिंदकळते. वर राखलेल्या ह्या रिकाम्या जागेस त्यांच्या भाषेत 'हेडरूम' म्हणतात, आणि ती न उरल्यामुळे आवाज फाटतो त्यास 'क्लिपिंग'. आमच्या कार्यक्रमांत फाटलेले आवाज मी आजवर गवयांच्या घशाच्या खात्यावर मांडत आलो होतो.

नंतर डेसिबल. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांच्या नावावरून हे परिमाण आले. स्पीकरला दिलेली शक्ती दुप्पट केली तरी वाढ होते अवघी ३ डेसिबल. आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटावयास १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. उलट माईक आणि तोंड ह्यांतील अंतर निम्मे केले, तर फुकटात ६ डेसिबल मिळतात. मी मागून ओरडत होतो, त्याऐवजी पुढे जाऊन माईक वीतभर जवळ सरकविला असता तर काम झाले असते!

शिट्टीचे कोडे तर त्याहून सोपे निघाले. माईकने ऐकलेले स्पीकर बोलतो. स्पीकर बोललेले माईक पुन्हा ऐकतो. ह्या फेऱ्यात एखादा स्वर प्रत्येक वेळी फुगत जातो आणि किंचाळी उठते. ह्यास 'फीडबॅक' म्हणतात. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ लार्सन ह्यांच्या नावाने 'लार्सन परिणाम' असेही त्याचे नाव आहे. चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की, शिट्टी न होता आवाज वाढविण्याची मर्यादा ३ डेसिबलने खाली येते. गाण्याचा माईक बहुधा समोरचे चांगले ऐकतो आणि पाठीकडचे फारसे ऐकत नाही. जाळीच्या मागच्या बाजूने शिरणाऱ्या आवाजावर त्याची ही निवड अवलंबून असते. मुठीने ती वाट बुजली की त्याला चहूकडचे ऐकू येऊ लागते. मी आत्याबाईंच्या मागे स्पीकर ठेवून माईकच्या तोंडातच आवाज ओतला होता, आणि वर त्याची मानही आवळली होती.

परंतु आत्याबाईंना सूर का ऐकू येईना? पुतण्याने दालनाची लांबी विचारली. साठ फूट. ध्वनी सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे त्यांचा स्वर समोरच्या भिंतीवर आपटून परत यावयास सेकंदाचा दहावा हिस्सा लागे. "त्या एक स्वर लावत होत्या आणि मागचा स्वर त्यांच्यावर येऊन आदळत होता. तंबोऱ्याला माईक नव्हताच; तो त्या गदारोळात बुडाला. अशा वेळी कोण गाईल?" त्यासाठी गायकाच्या पुढ्यात, माईकच्या पाठीशी, गायकाकडे तोंड करून एक छोटा स्पीकर ठेवतात. त्याला 'मॉनिटर' म्हणतात. श्रोत्यांना काय ऐकवायचे आणि गायकाला काय ऐकवायचे, ही दोन मिश्रणे मिक्सरवर निरनिराळी करता येतात. हे मला सर्वस्वी नवे होते.

१९१५ साली नाताळच्या आदल्या संध्याकाळी, जेन्सन व प्रिडम ह्या दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर मोठ्या जमावाला आपल्या ध्वनिवर्धकातून गाणे ऐकविले. यंत्राला त्यांनी 'महान आवाज' अशा अर्थाचे 'मॅग्नाव्हॉक्स' हे लॅटिन नाव दिले होते. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी आमच्यासारख्यांची समजूत त्या नावापाशीच थांबलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याबाईंच्या पुढे बसून सर्व कबूल केले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हणजे मी नऊ महिने उगीचच गप्प बसले म्हणायची." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "माझ्या वयाला नऊ महिने थोडे नव्हेत हो." त्यांच्या स्वरात राग नव्हता, तो असता तर मला बरे वाटले असते.

त्याच मार्गशीर्षात त्याच दालनात पुन्हा गाणे झाले. पुतण्या कार्यक्रमाच्या तीन तास आधी आला. स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला गेले. एक माईक कंठासाठी, एक तंबोऱ्यासाठी, बाकीचे बंद. मॉनिटर पुढ्यात ठेवून तो आत्याबाईंजवळ मांडी घालून बसला आणि विचारता झाला, "आजी, तुम्हांला काय ऐकू यायला हवे?"

चाळीस वर्षे मी गाण्याचे कार्यक्रम ठरवीत आलो. हा प्रश्न मी कोणाही गायकाला कधी विचारला नव्हता.

आत्याबाई जरा विचार करून म्हणाल्या, "तंबोरा. आणि थोडी मी."

त्या गायल्या. तारषड्जावर आवाज थरथरला, एका ठिकाणी श्वास अपुरा पडला. परंतु भजन शेवटपर्यंत झाले, आणि संपल्यावरही त्या डोळे मिटून तंबोरा छेडीत राहिल्या. मध्यंतरी मागच्या रांगेतून एका सद्‌गृहस्थांनी हात वर करून "जरा वाढवा" म्हटले. मी त्यांच्याजवळ गेलो आणि त्यांना हाताला धरून पुढे आणून बसविले.

वाचकांच्या घरीही मुंज, मंगळागौर किंवा एखादी छोटी मैफल होतच असेल. गाणाऱ्याला काय ऐकू यावयास हवे ते आधी विचारावे, माईक जवळ घ्यावा, नको असलेले बंद ठेवावेत, आणि शिट्टी झाल्यास माईक मुठीत धरू नये. आमच्या यादीत आता पहिल्या ओळीवर 'ध्वनिसंयोजन' असते आणि पुढे माझ्या पुतण्याचे नाव. स्थळे अजून येतात; तो काय करतो, ते मी पहिल्याच वाक्यात सांगतो.