कुलूप काढल्यावर

२००६ साली आम्ही नोकरीनिमित्त योकोहामात राहत होतो. लेकासाठी तिथेच प्लेस्टेशन २ घेतला. त्याच्या मामाने बेळगावहून दोन खेळांच्या डिस्क पाठवल्या. पण भारतातल्या डिस्क पाल विभागाच्या, आणि जपानी यंत्र त्या चालवेना. प्रत्येक विभागाचं कुलूप वेगळं. शेवटी ओळखीच्या एकाने यंत्र उघडून, बारीक तारा सोल्डर करून आत मॉडचिप बसवून दिली. मामाचे खेळ सुरू झाले. डिस्क आपल्याच, रीतसर विकत घेतलेल्या. मनाला काही टोचलं नाही.

पण विकतची डिस्क कोणती आणि नक्कल केलेली कोणती, हे चिप बघत नाही. महिन्याभरात घरात नकली डिस्कची चळत लागली. एका रविवारी मिस्साहून परतल्यावर लेकाने विचारलं, "बाबा, ह्यांचे पैसे कुणी दिले?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

त्या संध्याकाळी मामाच्या दोन डिस्क ठेवल्या, बाकीच्या मोडल्या. चिप तशीच राहिली.

प्रियजनहो, कुलूप निघालं की राखण आपल्यालाच करावी लागते. प्रभू, उघड्या दारापाशी आम्हाला जागं ठेव.